साखरेऐवजी काय?

चहाला बोलावणारे लोक हल्ली "साखरेचा की गुळाचा?" असे विचारू लागले आहेत. गुळाचा म्हणणारा शहाणा ठरतो आणि साखरेचा म्हणणाऱ्याला उगाचच ओशाळल्यासारखे होते. साखर म्हणजे विष आणि गूळ म्हणजे औषध, अशी ही सरळ वाटणी कितपत खरी आहे, ते पाहावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

साखर आणि गूळ ही एकाच उसाच्या रसाची दोन लेकरे. कारखान्यात तो रस चुना व गंधकाच्या धुराने शुद्ध करतात, निर्वात भांड्यांत आटवतात आणि स्फटिक बनले की गरगर फिरणाऱ्या यंत्रात काळी मळी वेगळी काढतात. उरते ती जवळजवळ निव्वळ सुक्रोज. गुऱ्हाळात हा वेगळेपणा होत नाही. कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ ज्याने पाहिले असेल त्याला ते आठवत असेल. चुलाणावर भली मोठी काहील, खाली चिपाडांचा जाळ, रसाला उकळी फुटली की वर येणारी घाण झाऱ्याने काढत उभी असलेली माणसे. रस निवळावा म्हणून जुने लोक रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालत. पाक झाला की नाही हे ठरवतो गुळव्या. पाण्यात थेंब टाकायचा, बोटांत गोळी वळून बघायची, की आटोपले. (या माणसाला प्रयोगशाळेतले कोणतेच यंत्र लागत नाही, याचे मला फार कौतुक वाटते.) थोडे आधी उतरवले तर काकवी, पुढे आटवले तर ढेप.

म्हणजे गुळात रसातले सगळेच राहते. लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम अशी खनिजे त्यात असतात, हे खरे. पण त्याच ढेपेत निम्म्याहून कितीतरी अधिक सुक्रोजच असते, आणि उरलेल्यात ग्लुकोज व फ्रुक्टोजचाही वाटा असतो. शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे 400 कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच गुळातून 350 ते 380. फरक आहे, पण तो एवढाच.

माझ्या मामींना मधुमेह आहे. त्यांनी साखर सोडली आणि दिवसातून चार वेळा गुळाचा चहा सुरू केला, दर कपाला दोन चमचे. "गुळानं काही होत नाही गं," हे त्यांचे ठरलेले वाक्य. हिशेब केला तर रोजचा 40 ग्रॅमच्या आसपास गूळ झाला. त्यातून मिळणारे लोह फार तर एकदोन मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीला भारतीय मापदंडानुसार दररोज 29 मिलिग्रॅम लागते. शिवाय चहातील टॅनिनमुळे तेही नीट शोषले जात नाही. रक्तातील साखर मात्र वाढायची ती वाढतेच. मामींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुझ्या पुस्तकात गोड काहीच नाही का?" प्रश्न रास्त होता.

गुळाच्या रंगाविषयीही एक शब्द. बाजारात पिवळाधमक गूळ उचलण्याची आपल्याला सवय आहे. तो रंग यावा म्हणून काही ठिकाणी 'हायड्रॉस' नावाचे गंधकयुक्त रसायन वापरतात. तांबूस-तपकिरी, किंचित मऊ गूळ दिसायला गरीब असतो, पण घ्यावा तोच. गोव्यातला आणि कोकणातला माडाचा काळा गूळ ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही.

मधाचीही तीच गत. पाचवा हिस्सा पाणी आणि बाकी मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज. एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध चाटवू नये. मधात बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात व तान्ह्या आतड्यात ते वाढतात. आपल्याकडची बाळाला मध चाटवण्याची रीत कितीही जुनी असली तरी ती सोडलेली बरी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली जे मार्गदर्शन केले त्यात साखर, मध, पाक आणि फळांचा रस ही सगळी एकाच पंगतीत बसवली आहेत. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, जमल्यास 5 टक्क्यांहून कमी. 2000 कॅलरींच्या आहारात ते अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम होतात. मी आमच्या घरची किराण्याची यादी काढली. माणसे पाच, महिन्याला साखर पाच किलो आणि गूळ एक किलो. माणशी दररोज 40 ग्रॅम झाले! बाहेरचा चहा, बिस्किटे आणि बाटलीतली पेये यांत धरलेलीच नाहीत. आपापल्या घरची यादी वाचकांनी अवश्य काढून पाहावी.

त्या पंगतीत अख्खे फळ मात्र नाही, आणि माझ्या मते खरा पर्याय तिथे आहे. केळे, चिकू, पुरंदरचे अंजीर यांत गोडी चोथ्यासकट येते, चावावी लागते, पोट भरते. खजुरात साखर भरपूर, पण दोनतीन बियांनंतर हात आपोआप थांबतो. मधुमेही माणसाने तोही मोजूनच खावा. गुळाची जुनी जागाही अशीच होती. मूठभर शेंगदाण्यांबरोबर एक खडा, किंवा संक्रांतीला तिळात वळलेला. चमच्याने चहात ढवळायची ती वस्तू नव्हे. राहिला चहा. त्यात दुसरे काही घालण्यापेक्षा दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जावे. जीभ महिना-दीड महिन्यात ऐकते, हा माझा अनुभव आहे.

आमच्या वसतिगृहाच्या खाणावळीत चहा साखर घालूनच उकळतात. तो बिनसाखरेचा करून साखर वेगळ्या वाटीत ठेवावी, अशी सूचना आम्ही काही जणींनी लेखी दिली आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.