छायाचित्र-संपादनाचा आरंभ

कुंभकोणमनजीक दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिर दुसऱ्या राजराज चोळाने १२व्या शतकात बांधले. त्याचा पुढील मंडप रथाच्या आकाराचा असून त्यास दगडी चाके कोरलेली आहेत. नवशिक्याने भर दुपारी घेतलेल्या छायाचित्रात अंगण पांढरेफटक आणि चाक काळेठिक्कर उमटते. असे चित्र ‘गिम्प’ या विनामूल्य संगणकीय आज्ञावलीत उघडावे. तत्पूर्वी मूळ चित्राची प्रत निराळी ठेवावी, कारण जेपीईजी चित्र बदलून वारंवार साठविल्यास त्याचा दर्जा घटत जातो.

मग ‘लेव्हल्स’मधील आलेख पाहावा. डावीकडचा ० म्हणजे निखळ काळा, उजवीकडचा २५५ म्हणजे निखळ पांढरा. मधली खूण डावीकडे सरकविली की सावलीतले आरे उजळू लागतात. परंतु आलेखाची उजवी कड उंच चढलेली असेल, तर अंगणातील तेवढा तपशील कॅमेऱ्याने टिपलेलाच नसतो. तो कोठून आणणार?

‘क्लोन’ या साधनाचा मोह आवरावा. दगडावरील झीज त्याने क्षणात पुसता येते; मात्र पुढे त्या चित्रावरून मंदिराची अवस्था ताडून पाहणाऱ्याची ती फसवणूक होते. कललेले खांब सरळ करण्यास हरकत नाही. त्यात कडेचा भाग कापला जातो, म्हणून चित्र घेतानाच भोवती थोडी जागा सोडावी.