रात्रीचे जेवण आणि थायरॉईड : घड्याळ, गोळी व उरलेले ताट

‘मला थायरॉईड आहे’ हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. वस्तुतः थायरॉईड प्रत्येकालाच असतो. गळ्याच्या पुढील बाजूस, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, फुलपाखराच्या आकाराची ही अवघ्या पंधरा ते वीस ग्रॅम वजनाची ग्रंथी होय. मराठी परिभाषेत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. परंतु तो शब्द परिभाषाकोशाबाहेर फारसा पडला नाही, म्हणून येथे रूढ शब्दच वापरतो. आजार होतो तो या ग्रंथीचे काम मंदावल्याने अथवा अति वाढल्याने. भारतात मंदावण्याचे प्रमाण बरेच मोठे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील आठ शहरांमधील पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये ही ग्रंथी मंदावलेली आढळली, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक होते.

या आजाराबरोबर एक आरोपही घरात शिरला आहे. ‘रात्री अकरा-अकराला जेवतेस, मग थायरॉईड होणार नाही तर काय?’ सासू सुनेला म्हणते, मुलगा आईला म्हणतो, आणि ज्यांना वैद्यकाचा गंध नाही असे शेजारीही म्हणतात. मी इतिहासाचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. परंतु कोणतेही विधान पुराव्यावर घासून पाहावे, हे आमच्या विषयाचे पहिले शिक्षण आहे. त्या न्यायाने या आरोपाकडे पाहू.

प्रथम ग्रंथीचे घड्याळ समजून घ्यावे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून थायरॉईडला कामाची आज्ञा देते. थायरॉईड आयोडीन वापरून टी-४ व टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीराचे तापमान, हृदयाचे ठोके, अन्नाचे ऊर्जेत रूपांतर, बालकाच्या मेंदूची वाढ हे सारे त्यांच्यावर अवलंबून असते. टीएसएचचे प्रमाण दिवसभर एकसारखे नसते. सायंकाळपासून ते चढू लागते, मध्यरात्रीनंतर सर्वोच्च होते आणि दुपारी सर्वांत खाली येते. झोप या चढावाला आवर घालते. रात्रभर जागरण झाले तर तो अधिक वाढतो. म्हणजे रात्र आणि थायरॉईड यांचा संबंध आहे, हे खरे.

परंतु यावरून उशिरा जेवल्याने थायरॉईडचा रोग जडतो असे सिद्ध होत नाही. आज ग्रंथी मंदावण्याचे सर्वसामान्य कारण म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच रोगप्रतिकारशक्तीने तिच्यावर केलेला हल्ला. जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जेवणाच्या वेळेचा वाटा दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. उशिरा जेवण्याचे तोटे वेगळे आहेत आणि ते खरे आहेत. २०२० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी वीस निरोगी व्यक्तींना एकदा सायंकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला तेच जेवण दिले. उशिराच्या जेवणानंतर रक्तातील साखर अधिक चढली आणि चरबीचे ज्वलन कमी झाले. छातीत जळजळ, अपुरी झोप, वाढते वजन हे त्याचे पुढचे सोबती. ज्याची थायरॉईड ग्रंथी आधीच मंद आहे, त्याला थकवा व वजनवाढ यांचा जाच असतोच; उशिराचे जेवण त्यात भर घालते. आजार वाढवणे निराळे आणि आजार निर्माण करणे निराळे, हा भेद घरातील आरोप करणाऱ्यांनी ध्यानात घेतला तर बरे.

या आजाराच्या इतिहासात असाच एक धडा आहे. हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या गलगंडाने सुजलेले गळे दिसत. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात, सुमारे एक लाख लोकवस्तीत, प्रयोग आरंभला. खोऱ्याच्या काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधेच मीठ ठेवले. काही वर्षांतच आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे घटला. दोष त्या लोकांच्या सवयींचा नव्हता. पावसाने व पुराने धुऊन निघालेल्या मातीत आयोडीन उरले नव्हते. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि मे २००६ पासून थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली. ज्या घरांत ‘नैसर्गिक’ म्हणून केवळ सैंधव वापरण्याची नवी टूम आली आहे, त्यांनी पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे की नाही हे अवश्य पाहावे. विशेषतः घरात गर्भवती असेल तर.

आता आपल्या परिचयाच्या एका शीलाविषयी. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका मध्याह्नानंतर भोजन करीत नाहीत. त्यालाच विकालभोजनापासून विरती म्हणतात. ‘तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी थायरॉईडवर उपाय सांगितला’ असे सांगणारेही अलीकडे भेटतात. मज्झिम निकायात रात्रिभोजन सोडल्याने अंग हलके राहते, व्याधी कमी होतात असा अनुभव आला आहे, हे खरे. परंतु त्याच निकायातील लटुकिकोपम सुत्तात अगदी व्यवहारातील कारणे आहेत : काळोखात भिक्षेसाठी फिरणारे भिक्षू गटारात पडत, चोरांच्या हाती लागत, विजेच्या लखलखाटात एका भिक्षूला पाहून एक स्त्री भयाने किंचाळली. रात्री दारात उभा राहणारा भिक्षू गृहस्थाला भार होतो, हा विचार त्यामागे आहे. ज्याने स्वतःच्या वचनाचीही पारख करावयास सांगितले, त्याच्या तोंडी न सांगितलेले वैद्यक घालणे योग्य नव्हे. अष्टशील पाळताना थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास करू नये.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळाच आहे. रात्री उशिरा जेवते कोण? चंगळ म्हणून मध्यरात्री हॉटेलात जाणारे तरुण आहेतच. परंतु आपल्या वस्त्यांत उशिरा जेवणारी व्यक्ती बहुधा घरातील बाई असते. धुणीभांड्यांची चार घरे करून ती सातला परतते, स्वयंपाक करते, मुलांना वाढते, नवऱ्याची वाट पाहते, आणि सर्वांचे झाल्यावर भांड्यात जे उरेल ते घेऊन बसते. भाजी संपलेली असते. भाकरी व चटणी उरते. दहा वाजले की साडेदहा, याहून त्या ताटात काय आहे हे पाहिले पाहिजे. थायरॉईडची संप्रेरके तयार करणाऱ्या विकराला लोहाची गरज असते. शरीरात लोह कमी पडले तर आयोडीन असूनही ग्रंथीचे काम नीट होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तिला ‘लवकर जेव’ असे सांगणे म्हणजे तिचे काम कोणी वाटून घेणार नसताना दोषही तिच्याच पदरात घालणे होय. डाळ, उसळ, पालेभाजी, अंडे यांतील तिचा वाटा आधी बाजूला काढून ठेवणे हे घरातील इतरांना सहज शक्य आहे. ही गोष्ट मी प्रत्येक पालकसभेत सांगतो. काही पालक हसतात, हसू द्यावे.

जेवणाच्या वेळेचा थायरॉईडशी सर्वांत पक्का संबंध आहे तो गोळीच्या निमित्ताने. लेव्होथायरॉक्सिन ही गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जाते. म्हणून ती सकाळी उठताच साध्या पाण्याबरोबर घ्यावी व पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. आपल्याकडे तो नियम मोडतो तो चहाने. गोळी आणि दुधाचा चहा एकाच घोटात जातात, मग ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून मात्रा वाढत जाते. ज्यांना पहाटेच्या घाईत हे जमत नाही त्यांच्यासाठी रात्री झोपताना गोळी घेण्याचा मार्गही आहे. नेदरलँड्समधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झोपताना गोळी घेणाऱ्यांचे टीएसएच सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले आटोक्यात राहिल्याचे दिसले. परंतु त्याची अट म्हणजे शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तास गेलेले असावेत. अकराला जेवून साडेअकराला गोळी घेणाऱ्याला तिचा पुरता लाभ होणार नाही. वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आणि एकदा ठरलेली वेळ वारंवार बदलू नये.

आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत रात्रपाळी करतात. त्यांच्यासाठी ‘सकाळ’ या शब्दाला अर्थ उरत नाही. त्यांनी घड्याळाऐवजी पोटाचा हिशेब ठेवावा : ज्या वेळी पोट तीन-चार तास रिकामे आहे आणि पुढे तासभर काही खायचे नाही, अशी रोजची एक वेळ निवडावी. रक्ततपासणीही दरवेळी शक्यतो एकाच प्रहरी, सकाळी करावी. नाहीतर पहाटेचा आकडा व दुपारचा आकडा यांची तुलना करून विनाकारण घाबरण्याची पाळी येते. तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. आणि भ्रमणध्वनीवर फिरणारा ‘रात्री जेवण सोडा, गोळी सुटेल’ हा संदेश वाचून गोळी बंद करू नये. गर्भवतीने तर कदापि नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूला लागणारे हे संप्रेरक मुख्यतः आईकडूनच मिळते.

शेवटी वसतिगृहातील मुलामुलींच्या पालकांना एक विनंती. आपल्या पाल्याला थायरॉईडची गोळी सुरू असेल तर प्रवेशाच्या वेळीच अधीक्षकांना लेखी कळवावे. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी दिली जाते. लोह व कॅल्शियम या दोन्ही गोळ्या थायरॉईडच्या गोळीला आतड्यात अडवून धरतात, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर लागते. पहाटे वंदनेला जाण्यापूर्वी थायरॉईडची गोळी आणि दुपारच्या जेवणानंतर लोहाची, अशी व्यवस्था सहज लावता येते. मात्र कोणाला कोणती गोळी आहे हे अधीक्षकांना ठाऊक हवे.