होतकरू धांवपटूंस आधार : बक्षीस आणि शिष्यवृत्ति

प्रतिवर्षीं क्रीडामहोत्सव आला कीं आमच्या मैदानावर एक देखावा हमखास दिसतो. चुन्याच्या रेषा आंखल्या जातात, शिट्टी वाजते, आणि दूरच्या खेड्यावरून पायीं शाळेंत येणारा एखादा मुलगा अनवाणीच सर्वांस मागें टाकून दोरीला छाती लावतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. पाहुण्यांच्या हस्तें त्याला एक पेला मिळतो. सोमवारीं तो पुन्हां मागच्या बाकावर बसलेला असतो. आणि दोन वर्षांनीं तो शाळेंत येईनासा होतो. त्याच्या पायांच्या गुणाचें पुढें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. तोच प्रश्न या लेखांत विचारण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानांत घेऊं. बक्षीस म्हणजे झालेल्या पराक्रमाचा गौरव. शिष्यवृत्ति म्हणजे होऊं घातलेल्या पराक्रमावर ठेवलेला विश्वास. बक्षीस देणारास निकाल समोर दिसत असतो. शिष्यवृत्ति देणारास तो दिसत नाहीं, म्हणून तिच्यांत धोका आहे, आणि म्हणूनच तिचें मोल अधिक आहे. जिंकल्यावर हार घालणारे पुष्कळ भेटतात. जिंकण्यापूर्वीं दुधाचा पेला देणारे विरळा.

कोणी म्हणेल, धांवण्यास असें लागतें तरी काय? बॅट नको, जाळें नको, दोन पाय पुरेत. हें अर्धेंच खरें आहे. पायांस खिळ्यांचे बूट लागतात, शरीरास सकस अन्न लागतें, शिकविणारा गुरु लागतो, दूरच्या स्पर्धेस जावयास गाडीभाडें लागतें, आणि स्नायु दुखावला तर वैद्य लागतो. परंतु या सर्वांहून महाग वस्तु म्हणजे वेळ. गरिबाच्या घरीं मुलाचे दोन हात म्हणजे अर्धा मजूर. तो सकाळ-संध्याकाळ मैदानावर राहिला तर गुरें कोणीं सोडावीं आणि पाणी कोणीं भरावें? तात्पर्य, खेळाडूची शिष्यवृत्ति ही मुख्यतः त्याच्या घरास त्याच्या वेळेची दिलेली भरपाई होय.

आतां इतिहासाकडे वळूं. आपल्या देशांतील या कार्याचा आरंभ पुण्यासच झाला, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती चालू असतां अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या असें दृष्टीस पडलें कीं, कांहीं शेतकरी मुलें अनवाणी आणि कोणत्याही शास्त्रोक्त शिक्षणावांचून धांवत असूनही युरोपांतील धांवणारांच्या जवळपास जाणारी वेळ नोंदवीत आहेत. हें पाहून पुष्कळांनीं नुसतें आश्चर्य केलें असतें. दोराबजींनीं खटपट केली, स्वतःच्या पदरचा पैसा घातला, आणि १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा लहानसा संघ रवाना झाला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन शर्यतींत त्यांनीं २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद या वेळांत १९ वा क्रमांक पटकाविला. पदक मिळालें नाहीं. परंतु मदत मिळाल्यास येथील माणूस जगांतील उत्तम धांवणारांच्या रांगेंत उभा राहूं शकतो, हें सिद्ध झालें.

त्या काळीं मात्र एक विचित्र अडचण होती. खेळासाठीं पैसा घेणें हें ऑलिंपिकमध्यें पाप समजलें जाई. अमेरिकेंतील आदिवासी खेळाडू जिम थॉर्प यानें १९१२ सालीं स्टॉकहोम येथें पंचक्रीडा आणि दशक्रीडा या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्यानें पूर्वीं बेसबॉल खेळून थोडें वेतन घेतलें होतें, एवढ्यावरून १९१३ सालीं त्याचीं पदकें हिरावून घेण्यांत आलीं. तीं १९८३ सालीं त्याच्या वारसांस परत मिळालीं, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचें नांव नोंदलें जावयास २०२२ साल उजाडावें लागलें. थॉर्प १९५३ सालींच वारला होता. श्रीमंतांनीं केलेला नियम गरिबास किती जाचतो, याचें हें उदाहरण आहे.

जेसी ओवेन्स याची कथाही विचार करण्याजोगी आहे. क्लीव्हलंड शहरांत हा निग्रो मुलगा शाळा सुटल्यावर जोडे दुरुस्त करण्याच्या दुकानांत काम करी, म्हणून सायंकाळच्या सरावास त्याला येतां येत नसे. त्याचे क्रीडाशिक्षक चार्ल्स रायली यांनीं त्याला काढून टाकलें नाहीं. ते स्वतःच सकाळीं शाळा भरण्यापूर्वीं मैदानावर येऊं लागले. पुढें ओहायो स्टेट विद्यापीठांत त्याला शिष्यवृत्ति मिळाली नाहीं. नोकऱ्या करून त्यानें शिक्षण चालविलें. तरीही २५ मे १९३५ रोजीं पाऊण तासाच्या आंत त्यानें तीन जागतिक विक्रम मोडले व चौथ्याची बरोबरी केली, आणि १९३६ सालीं बर्लिन येथें चार सुवर्णपदकें जिंकलीं. इतकें होऊनही पोटासाठीं त्याला पुढें घोड्यांशीं शर्यत लावावी लागली. एका शिक्षकाच्या सकाळच्या तासानें काय साधलें, आणि पुढें समाजाच्या उदासीनतेनें काय गमावलें, या दोन्ही गोष्टी या एकाच चरित्रांत दिसतात.

आपल्याकडील उदाहरण पी. टी. उषा यांचें. १९७६ सालीं केरळ सरकारनें कण्णूर येथें मुलींसाठीं क्रीडाविभाग उघडला, आणि पय्योळी या खेड्यांतील ही अशक्त मुलगी दरमहा २५० रुपयांच्या शिष्यवृत्तीवर तेथें दाखल झाली. ओ. एम. नंबियार यांच्यासारखे गुरु तिला तेथेंच लाभले. आठ वर्षांनीं, १९८४ सालीं लॉस एंजलिस येथें ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत ती चौथी आली. तिसऱ्या क्रमांकाहून ती अवघा सेकंदाचा शंभरावा भाग मागें होती. १९८६ च्या सेऊल येथील आशियाई सामन्यांत तिनें चार सुवर्णपदकें मिळविलीं. २५० रुपये ही रक्कम मोठी नव्हती. परंतु ती वेळेवर आली, आणि तिच्यासोबत जेवण, निवास व गुरु हीं तिन्ही आलीं. नुसता पैसा पाठविणाऱ्या संस्थांनीं हें लक्षांत ठेवावें.

आमच्यासारख्या शाळेस विशेष बोध घेण्याजोगें स्थळ केनिया देशांतील इटेन हें गांव होय. तेथील सेंट पॅट्रिक हायस्कुलांत १९७६ सालीं ब्रदर कोम ओकॉनेल हे आयरिश गृहस्थ भूगोल शिकविण्यास आले. धांवण्याच्या शास्त्राची त्यांस पूर्वीं माहिती नव्हती. मुलांकडे पाहत पाहतच ते शिकले. त्यांच्या शाळेंतील पीटर रोनो यानें १९८८ सालीं १५०० मीटर आणि मॅथ्यू बिरिर यानें १९९२ सालीं ३००० मीटर स्टीपलचेस या शर्यतींत ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलें. रोनो याच्यासारखे कित्येक विद्यार्थी शिष्यवृत्ति मिळवून अमेरिकेंतील महाविद्यालयांत गेले. एका शिक्षकाचें सातत्य असेल तर डोंगराळ गांवची शाळाही जगाच्या नकाशावर येते, हें यावरून दिसतें.

आज आपल्या देशांत साधनें पूर्वींपेक्षां पुष्कळ आहेत. खेलो इंडिया योजनेंत निवडलेल्या मुलास प्रशिक्षणाव्यतिरिक्त दरमहा १०,००० रुपये हातखर्च मिळतो. २०१४ सालीं सुरू झालेल्या ऑलिंपिक पदक योजनेंतील अव्वल खेळाडूंस दरमहा ५०,००० रुपये मिळतात. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या अर्जुन पुरस्काराची रक्कम २०२० सालीं १५ लाख रुपये झाली. महाराष्ट्रांत क्रीडाप्रबोधिनी आहेत, शिवछत्रपति पुरस्कार आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा आहेत. सैन्यही एक मोठा आश्रय आहे. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे शेतकरीपुत्र अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्यें शिपाई झाले, सियाचेनच्या बर्फांत राहिले, आणि मग धांवूं लागले. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें स्टीपलचेसमध्यें ८ मिनिटें ११.२० सेकंद वेळ देऊन त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेंतील सर्व पदकें १९९८ पासून केनियाच्याच खेळाडूंकडे जात होतीं. शिपायाचें वेतन हीच त्यांची शिष्यवृत्ति ठरली.

तथापि या योजनांस एक उणीव आहे. जो जिल्ह्याच्या व राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोहोंचला, त्यालाच त्या दिसतात. शाळेचें मैदान आणि राज्याची स्पर्धा यांमधील वाट कोणाच्याच हिशेबांत नाहीं, आणि बहुतेक मुलें त्याच वाटेवर गळतात. मुलींचें तर विचारूंच नये. त्यांचा सराव बहुधा पायाच्या दुखण्यानें थांबत नसून घरच्या कामानें व लोकांच्या बोलण्यानें थांबतो.

दुसरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जेथें पैसा येतो तेथें मोहही येतो. खोटी जन्मतारीख लावून लहानांच्या गटांत धांवणें, उत्तेजक औषधें घेणें, हे रोग आपल्याकडेही शिरले आहेत. एका वर्षाची चोरी जन्माचें नांव घालविते. तसेंच, पाय केव्हां दुखावेल याचा नेम नसल्यामुळें धांवणारानें पुस्तक कधींही मिटूं नये. ज्या शिष्यवृत्तींत शिक्षणाची सोय नाहीं, ती अर्धवट होय.

मग आपण काय करावें? आमच्या मतें तीन गोष्टी शाळेच्या हातच्या आहेत. पहिली, क्रीडामहोत्सवांतील प्रत्येक शर्यतीची वेळ व उडीचें माप एका वहींत वर्षानुवर्षें टिपून ठेवावें. नोंद नसेल तर गुण दिसत नाहीं आणि अर्जास पुरावाही राहत नाहीं. दुसरी, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणींतून लहानसा क्रीडानिधि उभारावा, आणि त्यांतून पेल्यांऐवजीं बूट, गाडीभाडें व रोजचें दूध, अंडीं, शेंगदाणे द्यावे. तिसरी, शिक्षकांनीं त्या मुलाच्या घरीं जावें, आईबापांस योजना समजावून सांगाव्या व अर्ज भरून द्यावा. कारण निरक्षर बापास सरकारी कागद हा डोंगराएवढा वाटतो.

विद्यार्थिमित्रहो, सर दोराबजींच्या डोळ्यांपुढें जें दृश्य आलें, तें आपल्याही डोळ्यांपुढें दर वर्षीं येतें. पुढील महोत्सवांत अनवाणी मुलगा पहिला आला तर टाळ्या अवश्य वाजवा. परंतु दुसऱ्या दिवशीं त्याला भेटून तो सकाळीं काय खाऊन येतो व किती कोस चालून येतो, एवढें तरी विचारा. मदतीचा आरंभ तेथूनच होतो.