हद्दीवर काय लिहावं

आमचं हिंगणी सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या तोंडाशी. ते जंगल वर्धा आणि नागपूर अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. त्यामुळे हद्दीवरचे दगड आणि पाट्या वाचत फिरायचा नाद इथेच लागला. त्यातून कळलेलं थोडं मांडतो.

१. स्वागताची कमान माहिती देत नाही. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसवलेल्या वर्ध्याला आलं. एवढं साधं वाक्य मला आजवर कुठल्याच कमानीवर वाचायला मिळालेलं नाही.

२. जुना दगड मात्र नाव सोडत नाही. नागपूरच्या झिरो माईलवर हैदराबाद, जबलपूर, चांदा या मोठ्या ठिकाणांच्या ओळीत ‘कवठा’ कोरलेलं आहे, ६२ मैलांवर. मी ते पुलगावजवळचंच कवठा समजतो, अंतरही जुळतं. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना तो दगड दाखवायलाच हवा.

३. आमच्याकडची सगळ्यात मोठी हद्द म्हणजे वर्धा नदी. १७ डिसेंबर १८०३ला देवगावचा तह झाला आणि नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांना नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला; तो निजामाकडे गेला. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला, त्याच सुमारास नागपूरचं राज्यही खालसा झालं. तरी दोन्ही मुलखांचा कारभार वेगळाच राहिला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला तो १९०३ मध्ये. म्हणजे शंभर वर्षं या पाण्याच्या दोन काठांवर दोन कारभार होते. नदीपलीकडच्या मुलखाला लोक अजूनही वऱ्हाड म्हणतात ते उगाच नाही. समृद्धी महामार्गावरून ती नदी काही सेकंदांत मागे पडते. निदान जुन्या पुलांच्या तोंडाशी, जिथे माणूस थांबू शकतो, तिथे हा तह दोन ओळींत लिहायला काय हरकत आहे?

४. शेताचा धुरा शेजाऱ्याला ठाऊक असतो, गावाची शीव म्हाताऱ्यांना. शिवेवरच्या कितीतरी दगडांना शेंदूर लागलेला असतो, आणि त्या शेंदरानंच ते वाचलेत. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात सीमाचिन्हाचं नुकसान करणाऱ्याला दंड आहे, पण रस्ता रुंद होताना कडेचा दगड आधी हलतो आणि मग तो नेमका कुठे होता हे कोणी सांगू शकत नाही. काम सुरू व्हायच्या आधी फोटो काढा, गट क्रमांक टिपा, कोतवालाला सोबत न्या.

५. काही हद्दी पाटीशिवाय कळतात. वर्ध्यात दारूबंदी आहे. जिल्हा कुठे संपला हे पलीकडची दुकानं सांगतात. गांधीजींच्या जिल्ह्याची ओळख अशी व्हावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

६. आख्यायिका आणि नोंद एका ओळीत मिसळू नये. केळझरला लोक एकचक्रनगरी मानतात, भीमानं बकासुराला मारलं ते गाव. पवनार म्हणजे वाकाटकांचं प्रवरपूर, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. मनसरच्या उत्खननानंतर मनसरच प्रवरपूर, असंही मत पुढे आलं. दोन्ही मतं पाटीवर असू द्यावीत. वाचणारा माणूस शहाणा असतो, त्याच्यापासून वाद लपवायचं कारण नाही.

७. पाटी लावायला मोठा निधी लागत नाही, ठराव लागतो. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा असतेच. हिंगणीसाठी माझा मजकूर तयार आहे: बोर नदीवरचं धरण, १९७० मध्ये अभयारण्य, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याखाली दोन ओळी मोकळ्या ठेवल्यात. जंगलातल्या गोंड वस्त्यांबद्दल काय लिहायचं ते त्या वस्त्यांमधल्या माणसांनीच ठरवावं.