खुब्याचा सांधा

कर्जत तालुक्यांतील पेठचा किल्ला, ज्यास कोथळीगड असेंही म्हणतात, त्याच्या सुळक्याच्या पोटांत खडक कोरून पायऱ्या काढिलेल्या आहेत. त्या चढतांना प्रत्येक पायरीस सर्व देहाचा भार क्षणभर एकाच पायावर येतो. तो पेलणाऱ्या सांध्यांत खुबा मुख्य होय. परंतु चढून गेल्यावर सर्वांस आठवण होते ती गुडघ्याची. म्हणून खुब्याची रचना येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचें डोकें चेंडूसारखें असून तें कटीच्या हाडांतील खोल वाटींत बसतें. खांद्याचा सांधाही उखळीचाच; पण त्याची वाटी उथळ, म्हणून हात चहूंकडे फिरतो आणि लवकर निखळतोही. खुब्यानें थोडें फिरणें सोडून बळकटी घेतली आहे. विद्यार्थ्यांस मौज वाटेल कीं, ही वाटी तीन निराळ्या हाडांची मिळून झालेली असते, आणि तीं हाडें एकजीव होतात तीं साधारणपणें वयाच्या १४ ते १६ वर्षांच्या सुमारास. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकीं कित्येकांची वाटी अद्यापि पुरती सांधलेली नाहीं! सांध्याच्या पुढील बाजूस जो चिवट अस्थिबंध आहे, तो शरीरांतील सर्व अस्थिबंधांत बळकट मानितात. आपण ताठ उभे राहिलों म्हणजे तो ताणला जातो व धडास मागें कलूं देत नाहीं.

आतां स्नायु. नितंबाचा मोठा स्नायु सपाट वाटेवर फारसें काम करीत नाहीं. चढण लागली, किंवा उकिडवें बसून उठावयाचें झालें, कीं तो जागा होतो. भातलावणीस दिवसभर ओणव्या राहणाऱ्या बायांचें धड तोलून धरण्यांत त्याचा व मांडीच्या मागील स्नायूंचा मोठा वांटा असतो. मांडी वर उचलणारे आणि आंत ओढणारे स्नायु निराळे आहेत. पण खरें कौतुक बाजूच्या स्नायूंचें.

विद्यार्थ्यांनीं उभें राहून उजवा हात उजव्या खुब्याच्या किंचित् वर ठेवावा आणि डावा पाय उचलावा. हाताखालचा मांसल भाग तत्काळ कठीण होतो. तो सैल राहता, तर कटी डावीकडे झुकून पडली असती. येथें तराजूचा न्याय आहे. मांडीच्या हाडाचें डोकें हा टेकू. एका बाजूस देहाचें वजन दूर, दुसऱ्या बाजूस स्नायूची ओढ जवळ. जवळून ओढावयाचें म्हणून जोर दुप्पट-तिप्पट लागतो, आणि दोहोंचा दाब टेकूवरच पडतो. ४० किलो वजनाचा मुलगा एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या खुब्यावर सुमारें १०० किलोंचा किंवा त्याहूनही अधिक दाब येतो.

हे स्नायु दुबळे झाले म्हणजे उचललेल्या पायाकडील कटी खालीं जाते. हें लक्षण ट्रेंडेलेनबुर्ग नांवाच्या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९५ सालीं वर्णिलें. काठीचें वर्मही ह्यांतच आहे. आजीचा उजवा खुबा दुखत असेल, तर काठी डाव्या हातीं द्यावी. टेकूपासून दूर असल्यामुळें थोड्या रेट्यानेंही ती स्नायूचें पुष्कळ काम हलकें करिते. आमच्या पाहण्यांत मात्र बहुतेक वृद्ध दुखऱ्या बाजूसच काठी धरितात.

मुलांच्या बाबतींत पालकांनीं विशेष जपावें. खुब्याचें दुखणें पुष्कळदां मांडींत किंवा गुडघ्यांत जाणवतें, कारण दोन्ही सांध्यांस जाणारे कांहीं मज्जातंतु एकच आहेत. वाढीच्या वयांत, विशेषतः १० ते १६ वर्षांच्या दरम्यान, मांडीच्या हाडाचें डोकें वाढीच्या कूर्चेपाशीं घसरण्याचा एक विकार होतो. मूल लंगडूं लागतें, त्याचें पाऊल बाहेर वळतें, आणि तें म्हणतें, “गुडघा दुखतो.” मग गुडघ्यास तेल चोळण्यांत, किंवा एखाद्या हाडवैद्याकडून पाय ओढून घेण्यांत, आठवडे जातात, तोंवर डोकें अधिक घसरतें व त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचें भय असतें. अशा मुलास त्या पायावर भार देऊं देऊं नये. त्याच दिवशीं त्यास उचलून रुग्णालयांत न्यावें आणि क्ष-किरणांचें चित्र काढवावें. तें केवळ गुडघ्याचें नव्हे, दोन्ही खुब्यांचें.