पाऊस तांदळासारखा का दिसतो?

प्रश्न : लघुपटासाठी ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये पाऊस केला. कण वाढवून पाहिले, तरी तांदूळ उधळल्यासारखाच दिसतो. काय चुकतंय?
— एक वाचक, मांजर्ली, बदलापूर (प.)

उत्तर : बहुधा मोशन ब्लर बंद राहिलाय. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानं पडतो. २४ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्यात थेंब १८-१९ सेंटिमीटर खाली येतो. म्हणून पडद्यावर थेंब नव्हे, रेघ दिसायला हवी. रेंडर सेटिंगमध्ये मोशन ब्लर लावा, शटर ०.५ ठेवा. १९८२च्या ‘स्टार ट्रेक २’मधल्या आगीसाठी विल्यम रीव्हज यांनी कणप्रणाली वापरली, तेव्हा त्यांनीही कण रेघांसारखेच काढले होते.

कण वाढवू नका, थर करा : कॅमेऱ्याजवळ मोजक्या जाड रेघा, मध्ये दाट सर, मागे नुसता धूसरपणा. पाऊस खरा वाटतो तो मात्र जिथे आपटतो तिथे. जुलैत उल्हास नदीकडे जाताना एखाद्या पत्र्याच्या कडेशी थांबा, उडणारे तुषार मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. ते किती उंच उडतात, किती लवकर विरतात, ते बघा आणि तेवढंच आयुष्य तुमच्या तुषारकणांना द्या.