आईबाबांना आत का बोलावतात?

प्रश्न : माझ्या लेकीला सातवा महिना सरता सरताच मुलगा झाला. वजन जेमतेम चौदाशे ग्रॅम. बाळ एनआयसीयूत काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर म्हणतात, आईनं जास्तीत जास्त वेळ आत थांबावं आणि बाळाला उघड्या छातीशी धरून बसावं. जावईबापूंनाही तेच सांगतात. माझ्या नणंदेचं असंच कमी दिवसांचं बाळ दवाखान्यात होतं, तेव्हा तिला ते काचेतूनही धड बघू दिलं नव्हतं. आता एवढी यंत्रं असताना आईबापांचं आत काय काम? बाळाला बाहेरचे जंतू नाही का लागणार? आणि बाळंतिणीचे हे दिवस अंगावर वारं घ्यायचे नव्हेत, त्याचं काय?
— एक आजी, सातारा जिल्हा

उत्तर : आजी, तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत. पहिलीचं उत्तर आधी देते. आईबाबांना आत बोलावतात, कारण बाळाच्या उपचारातली काही कामं यंत्रांना आणि सिस्टरांना जमत नाहीत, त्या दोघांनाच जमतात. तुमच्या लेकीला आत बसवणारे डॉक्टर तिच्यावर मेहरबानी करत नाहीत. ते बाळाला औषध देताहेत.

पूर्वी आईला बाहेर का ठेवत?

भीती होती जंतूंची, आणि प्रतिजैविकं नव्हती त्या काळात ती खोटीही नव्हती. पण आईला दूर ठेवण्याची किंमत फार आधीच लक्षात आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पिएर ब्युदँ हे डॉक्टर कमी दिवसांच्या बाळांवर उपचार करत. आई दूर राहिली की तिचं दूध आटतं आणि बाळाची ओढही कमी होते, असं त्यांना दिसलं, म्हणून ते आयांना बाळाजवळ येण्याचा आग्रह करत. पुढच्या काळात रुग्णालयांची दारं मात्र बंदच होत गेली. १९७०च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आयांना हात धुऊन, गाऊन घालून आत घेतलं, तेव्हा संसर्ग वाढला नाही.

खरा बदल आला टंचाईतून. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या सरकारी रुग्णालयात पेट्या इतक्या कमी होत्या की एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. १९७८मध्ये डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या छातीशी उभं बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हेच आजचं कांगारू मदर केअर. पुढच्याच वर्षी एस्टोनियाच्या टॅलिन शहरात डॉ. आदिक लेविन यांच्याकडे परिचारिका पुरेनात, तेव्हा त्यांनी आयांनाच रात्रंदिवस बाळाजवळ ठेवून घेतलं. दोन्हीकडे अडचण म्हणून केलेला उपाय पुढे जगभर चांगल्या उपचाराचा भाग झाला.

छातीशी धरल्यानं नेमकं काय होतं?

कमी दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर नसतो, त्यामुळे ते पटकन गार पडतं. गार पडलं की अंग तापवण्यातच त्याची ताकद आणि साखर खर्ची पडते. आईच्या छातीची ऊब त्याला सतत मिळत राहते. उभ्या स्थितीत दूध वर येण्याचा त्रास कमी होतो, श्वासाला लय येते, गाढ झोप लागते. मेंदूच्या वाढीला झोप लागतेच. आईच्या शरीरातही बदल होतात. बाळाच्या स्पर्शानं पान्हा फुटायला मदत होते.

आता पुरावा. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत ३,२११ बाळांचा अभ्यास केला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. बाळांची वजनं एक किलो ते सुमारे अठराशे ग्रॅम, म्हणजे तुमच्या नातवासारखीच. निम्म्या बाळांना नेहमीच्या पद्धतीनं प्रकृती स्थिर होईपर्यंत पेटीत किंवा वॉर्मरवर ठेवलं. उरलेल्यांना जन्मानंतर लगेच आईच्या किंवा घरच्या माणसाच्या छातीशी दिलं. तिथल्या अतिदक्षता विभागात आईची खाटच बाळाशेजारी होती आणि ही बाळं दिवसाचे साधारण सतरा तास छातीशी राहिली. पहिल्या गटात पहिल्या महिन्यात शंभरातली १५.७ बाळं दगावली, दुसऱ्या गटात १२. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. हे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२मध्ये संघटनेनं शिफारस केली, की अशा बाळांना शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास छातीशी ठेवावं.

याचा अर्थ यंत्रं नकोत असा मुळीच नाही. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्याला व्हेंटिलेटर हवाच. बाळाला कधी बाहेर काढायचं हे डॉक्टरच ठरवतील. नाकाला ऑक्सिजनची नळी आहे एवढ्या कारणानं मात्र सहसा अडत नाही. सिस्टर नळ्या सांभाळून बाळ अलगद छातीवर ठेवतात.

मग जंतूंचं काय?

त्याच अभ्यासात छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये रक्तातल्या संसर्गाची शंका २२.९ टक्क्यांना आली, पेटीत किंवा वॉर्मरवर ठेवलेल्यांमध्ये २७.८ टक्क्यांना. म्हणजे आई आत आल्यावर संसर्ग कमी झाला. बाळाला खरा धोका असतो रुग्णालयातल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा. आईच्या अंगावरचे नेहमीचे जंतू बाळाच्या ओळखीचे होतात आणि त्यांच्याशी लढायची शिबंदी तिच्या दुधातून येते. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना शिकवून बाळाच्या सेवेत घेतलं, तेव्हाही संसर्ग वाढला नाही. घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण मात्र वाढलं. अशा अनुभवांवरूनच २०१७मध्ये केंद्र सरकारनं सरकारी नवजात शिशु कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

अट एकच, हात. नखं कापलेली हवीत. अंगठ्या, घड्याळ, मनगटातले दोरे आणि बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. बाळंतिणीचा हिरवा चुडा उतरवताना घरातल्या बायकांच्या जिवावर येतं. पण बांगड्यांखाली पाणी पोहोचत नाही. ज्याला सर्दी-खोकला, ताप किंवा जुलाब आहेत, त्यानं त्या दिवशी सिस्टरना सांगितल्याशिवाय आत जाऊ नये.

आत बसून आईबाबांनी काय करायचं?

पहिलं काम दुधाचं. जन्मानंतर शक्य तर पहिल्या काही तासांतच आईनं चीक काढायला सुरुवात करावी. चमचाभर निघाला तरी तो सिस्टरकडे द्यावा. पुढे दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा दूध काढावं, रात्रीही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवडे भरल्यावर जमू लागतो. तोवर दूध नळीतून, मग वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं दिलं जातं. आईचं दूध सुरुवातीला कमी पडलं तर दात्या मातांचं पाश्चराइज केलेलं दूध मिळतं का, ते विचारा. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आज अशा पेढ्या इतरही ठिकाणी आहेत.

दुसरं काम स्पर्शाचं. बाळाची त्वचा अतिशय नाजूक असते. त्यावरून बोटं फिरवली की ते त्रासतं. त्यापेक्षा एक तळवा डोक्यावर आणि दुसरा मुडपलेल्या पायांशी स्थिर ठेवावा. टाचेतून रक्त घेताना असं आवरून धरलं तर त्याच्या वेदना कमी होतात.

तिसरं काम बोलण्याचं. बाळ आईचा आवाज पोटात असल्यापासून ऐकत आलेलं असतं. हळू आवाजात बोलावं, ओवी म्हणावी. तुमच्या ओव्या लेकीला येत असतील तर आता त्या कामी येतील. फोन मात्र बंद. बाळानं बोटं ताठ पसरली, तोंड फिरवलं, पुन्हा पुन्हा जांभया किंवा उचक्या आल्या, अंगाचा रंग बदलला, तर ते दमलंय असं समजून थांबावं. चार दिवसांत ही भाषा आईला जितकी कळते तितकी पाळीवर येणाऱ्या कुणालाच कळत नाही. म्हणूनच ‘आज हा वेगळा वाटतोय’ असं ती म्हणाली तर डॉक्टरांनी ते ऐकायला हवं, आणि तिनंही संकोच न करता सांगायला हवं.

बाबांनी औषधाच्या चिठ्ठ्या आणि बिलं यांच्यातच अडकून पडू नये. बाबांची छातीही तितकीच उबदार असते. सिझेरियन झालेली आई दुसऱ्या वॉर्डात असेल, तर पहिले दिवस बाबाच बाळाचा आधार. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ रुग्णालयांत आईवडिलांनी रोज किमान सहा तास बाळाची सेवा केली. त्यांच्या बाळांचं वजन जास्त वाढलं आणि आईवडिलांचा ताणही कमी झाला. २०१८मध्ये हे प्रसिद्ध झालं आहे.

पडद्यावरच्या आकड्यांकडे टक लावून बसू नका. अलार्म पुष्कळदा पायाची पट्टी सरकल्यामुळेही वाजतो. आधी बाळाचा रंग आणि श्वास बघावा आणि सिस्टरना हाक मारावी. ऑक्सिजन चालू असताना पडद्यावर शंभर दिसत नाही म्हणूनही घाबरू नये. जादा ऑक्सिजन कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांना घातक असतो, म्हणून डॉक्टर तो बेतानंच देतात.

आणि बाळंतिणीचं काय?

सव्वा महिन्याच्या रिवाजामागचा हेतू चांगला आहे. ओल्या बाळंतिणीला विसावा मिळावा, गर्दीपासून ती दूर राहावी. तो हेतू राखा, जागा बदला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम भाकरी डब्यातून तिच्याकडे जाऊ द्या. पाठीला टेकू मिळेल अशी खुर्ची मागा. रात्री तिला सलग झोप मिळावी म्हणून घरातल्यांनी पाळ्या लावा. बाळ पेटीत असताना आई घरी अंधाऱ्या खोलीत पडून राहिली तर तिला विसावा मिळत नाही, घोर लागतो.

आणखी एक विनंती. रोज ‘वजन किती वाढलं?’ असं विचारू नका. अशा बाळांचं वजन पहिल्या आठवड्यात घटतं आणि जन्माच्या वजनावर यायला साधारण दोन आठवडे लागतात. ग्रहण पाळलं नाही, गाडीनं प्रवास केला, अमुक खाल्लं म्हणून असं झालं, असं कुणी बोलू लागलं तर त्याला तिथेच थांबवा. पुष्कळदा लवकर प्रसूतीचं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. लेकीचा दोष नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. दोन आठवड्यांनंतरही ती सारखी रडत असेल, झोपत नसेल किंवा बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. तो आजार आहे आणि तो बरा होतो.

घरी नेण्याआधी

डोळ्यांची तपासणी झाली का, हे विचारा. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायलाच हवी, बाळ फारच लहान असेल तर त्याही आधी. वेळ चुकली तर नजर कायमची जाऊ शकते. कानांची तपासणी आणि लसींच्या तारखाही लिहून घ्या. घरी आल्यावर बाळ दूध पिईनासं झालं, गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढू लागलं, तळहात-तळपाय पिवळे पडले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आशाताई घरी येतात त्यांना बाळ दाखवा. घरोघर जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध केली आणि १९९९मध्ये जगापुढे मांडली. तिथूनच ती देशभर पोहोचली.

छातीशी धरणंही घरी चालू ठेवा. आईबाबा दमले की हे काम आजीनं केलं तरी चालतं. समोरून उघडणारा सैल कपडा घाला. बाळाला फक्त टोपडं, पायमोजे आणि लंगोट असू द्या. ते छातीवर उभं ठेवा, मान एका बाजूला वळवा, नाक मोकळं राहील असं बघा, आणि वरून दोघांना मिळून पांघरूण घ्या. एका वेळी निदान तासभर तरी बसा. आधी सिस्टरकडून एकदा नीट शिकून घ्या. उद्या लेकीला भेटायला जाल, तेव्हाच विचारा.